पिरूझी म्हणणारा माणूस

वर्ल्ड कपमधली इराणची मोरोक्कोविरुद्धची मॅच संपत आली होती, गोल कुणाचाच नव्हता, आणि यदुल्ला आगा कलिंगडाच्या खारवलेल्या बिया सोलता सोलता म्हणाले, "आपल्या पिरूझीचा एखादा जुना गडी मैदानात असता ना, तर एव्हाना काम झालं असतं."

तूबाच्या पिझ्झाच्या दुकानात त्या संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नव्हती. टीव्ही कोकलत होता, पोरं खुर्च्यांवर उभी होती. पण आमच्या टेबलावर सगळे एकदम गप्प झाले. अमू मनूचेहरनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. हा म्हातारा इथल्या, स्वीडनमधल्या योतेबोरीतल्या, अर्ध्या इराण्यांचा अमू, म्हणजे काका, आणि तोंडाने इतका सैल, की तो बोलायचा थांबला म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे समजायचं.

तेहरानचा लाल शर्टवाला क्लब म्हणजे पर्सेपोलिस. क्रांतीनंतर या नावाला बादशाहीचा वास येतो असं सरकारला वाटलं आणि पुढे त्यांनी त्याचं नवं बारसं केलं : पिरूझी, म्हणजे विजय. सरकारी टीव्हीवरचे निवेदक वर्षानुवर्षं पिरूझी पिरूझी करत राहिले आणि लोक पर्सेपोलिस म्हणत राहिले. चेंडू गोल असतो यापलीकडे माझ्या आईला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण तीही पर्सेपोलिसच म्हणते. घरात, गल्लीत, दारू पिताना पिरूझी म्हणणारा जिवंत माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तो शब्द जिभेवर इतका सहज बसायचा, तर सरकारचं मीठ खाल्लेलं असायला हवं.

मग अगदी शेवटच्या मिनिटांत मोरोक्कोच्याच खेळाडूने चेंडू स्वतःच्या जाळ्यात ढकलला. दुकान फुटलं. अमू रडायला लागले, तूबा ओट्यावर लाटणं आपटायला लागली, मी कुणाच्या गळ्यात पडले ते मलाच माहीत नाही. वळून पाहिलं तर यदुल्ला आगा जागचे हलले नव्हते. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे आणि उजव्या हाताची मूठ तोंडात कोंबलेली. डोळे लकाकत होते, पण घशातून आवाज नाही. कुणीतरी सगळ्यांचा फोटो काढायला लागलं, तेव्हा ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

त्यांच्या बुटांना नाडी नव्हती. मी नीट पाहिलं.

मी ट्राम चालवते. आरशात पाहून मागची माणसं ओळखायची मला सवय आहे : कोण फुकट चढलाय, कोण पिऊन आलाय, कोण उगाच भांडण उकरणार आहे. हा माणूस वसंतात उत्तरेकडच्या उमेओहून आला होता, मुलीजवळ राहायला म्हणून. साठीचा, बोलायला मऊ. आल्या आल्या त्याने माझी चौकशी केली होती. "फरंगीस खानूम, ऐकलं की तुम्ही दरवर्षी तेहरानला जाता. यंदा कधी?" तेव्हा मी सांगून टाकलं होतं. वर्ल्ड कप संपला की लगेच.

आता वाटलं, उगाच सांगितलं. मी इथे लग्न होऊन आले, आश्रय मागून नाही. नवरा सुटला, पासपोर्ट राहिला, त्यामुळे मला जाता येतं. तेहरानच्या नारमक भागात माझी आई एकटी असते. तिच्या खुब्याचं हाड मोडलंय, आणि फोनवर ती दर वेळी एकच विचारते, तू येशील तेव्हा मी उठून दार उघडू शकेन का. पण याच मार्चमध्ये मी इथल्या चौकात फलक घेऊन उभी राहिले होते : बायकांना स्टेडियममध्ये येऊ द्या. काळा चष्मा, तोंडाला स्कार्फ. ती मीच होते हे फक्त तूबाच्या दुकानातल्या माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकाने जरी योग्य ठिकाणी शब्द टाकला, तर विमानतळावरच पासपोर्ट जप्त. मग आई दारापर्यंत येवो न येवो, दारापलीकडे मी नसणार.

लोक गेल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. तूबा पीठ मळत होती. बावीस वर्षांपासूनची माझी मैत्रीण. तुर्कस्तानातून डोंगर तुडवत आली आणि तिला कधीच परत जाता येणार नाही. तिच्या दुकानात झेंडा लावायला बंदी आहे. बादशाहीच्या काळातला सिंहवाला लावला की एक गट उठून जातो, आत्ताचा लावला की उरलेले उठून जातात. म्हणून मॅचच्या दिवशी ती हिरवा, पांढरा आणि लाल असे तीन टेबलक्लॉथ खिडकीत वाळत घालते.

"पिरूझी," अमू म्हणाले. "माझ्या बापजन्मात नाही ऐकलं. हा दूतावासाचा माणूस आहे, लिहून घ्या."

"हळू बोला, अमू."

"का? भिंतीला कान आहेत? आहेतच. आज टेबल नंबर चारवर बसून बिया खात होते."

"आणि फोटोच्या वेळी खाली वाकला," मी म्हणाले. "गोल झाला तर ओरडलासुद्धा नाही. इराणी माणूस गोल झाल्यावर गप्प बसतो कधी?"

तूबाने पिठाचा गोळा उलटा केला आणि म्हणाली, "तू यंदा जाऊ नकोस."

"आईचं काय?"

तिने गोळ्यावर कोरडं पीठ भुरभुरलं. मला वाटलं, तिला माझी काळजी वाटतेय. मी बाई साधी.

स्पेनच्या मॅचच्या दिवशी दुपारी यदुल्ला आगा माझ्याच ट्राममध्ये चढले. पुढे उभे राहिले, आरशात मला दिसतील असे. एकेक थांबा गेला, माणसं उतरत गेली, हे उतरेनात. शेवटच्या थांब्यावर मी दार उघडून बाहेर आले तर हे समोर.

"खानूम, पाठलाग करत नाहीये. जावई या बाजूला राहतो."

"जावई या बाजूला, मुलगी त्या बाजूला?"

"भांडलेत," ते म्हणाले. "म्हणूनच तर मला बोलावलंय."

मला हसू आलं आणि हसू आलं याचा राग आला. मी म्हटलं, आगा, सरळ विचारते. तुम्ही पिरूझी का म्हणता?

त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं. मग बाकावर बसले, पाठ पुन्हा थांब्याच्या काचेला टेकवून.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच त्या दिवशी सगळ्यांची तोंडं उतरली. खानूम, मी केरमानशाहचा. आमच्याकडे कुस्ती. फुटबॉल म्हणजे शहरी पोरांचे चाळे, असं माझे वडील म्हणायचे. फुटबॉल मी आत शिकलो."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. सहा वर्षं. पहारेकऱ्याच्या खोलीत रेडिओ होता, दार उघडं असलं की ऐकू यायचा. रेडिओ पिरूझी म्हणायचा, म्हणून आम्हीही पिरूझी. आमच्या बराकीत तेहरानचा कुणी नव्हता चूक सांगायला. बाहेर आल्यावर कळलं, पण जीभ वळत नाही. माझी मुलगीसुद्धा चिडवते."

"आणि गोल झाल्यावर?"

"ओरडलं की रेडिओ बंद व्हायचा. आणि जो ओरडला त्याला घेऊन जायचे." त्यांनी मूठ वर केली. बोटांच्या सांध्यांवर जुने पांढरे वण होते. "मॅच ऐकायची तर ही चावायची."

मी ते वण पाहिले. गोष्ट पटली. पण पटेल अशीच गोष्ट खबऱ्याने तयार ठेवलेली असते, हेही मनात आलंच. संशयाला एकदा घरात घेतलं की तो जावयासारखा हटून बसतो.

"मला वाटलं, तुम्ही त्यांचे आहात," मी बोलून गेले.

"ते कळलं मला. मीसुद्धा तुमच्याशी जपूनच होतो की. मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फरंगीस खानूमसमोर तोंड सांभाळा."

"माझ्यासमोर?"

"ती दरवर्षी जाते, म्हणाले, आणि दरवर्षी परत येते. कुणी अडवत नाही. काय देऊन येते कोण जाणे."

ट्राम सुटायची वेळ झाली होती. मी विचारलं, कोण म्हणालं? त्यांनी मान हलवली.

"नाव नाही सांगणार. नावं न सांगण्यापायीच सहा वर्षं काढली, आता कुठे सवय मोडू."

उलट्या फेरीत मी दोन थांब्यांवर दार उघडायचं विसरले. लोकांनी शिव्या घातल्या. मी एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. मी दुकानात शिरले की पोरं मोबाईल खिशात घालतात, ते काय मोठ्यांचा मान म्हणून? मार्चमधल्या मोर्च्याच्या आधी बैठक झाली, ती मला नंतर कळली, ती काय चुकून? पिस्ते, केशर, लिंबाची भुकटी, सगळ्यांसाठी मी पिशव्या भरभरून आणते. तूबा दर वेळी स्वागताला म्हणते, तुझं पाऊल माझ्या डोळ्यांवर. आणि वाटणी करताना स्वतःचा वाटा मात्र सगळ्यांत लहान ठेवते. मी समजत होते, ती भिडस्त आहे.

संध्याकाळी मी मॅच सुरू झाल्यावरच दुकानात गेले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. तूबा भट्टीसमोर होती.

"तू सांगितलंस त्याला?"

तिने काय, कुणाला, असं काहीही विचारलं नाही. पिझ्झा काढायचं लांब फावडं भिंतीला टेकवलं.

"सगळ्यांनाच सांगावं लागतं, फरंगीस. नवा माणूस येतो, त्याची म्हातारी आई तिकडे असते, भाऊ तिकडे असतो. तो विचारतो इथे कुणासमोर बोलायचं. मी काय सांगू?"

"बावीस वर्षं, तूबा."

"बावीस वर्षं तू जातेस. मी मोजते." तिचा आवाज चढला नाही. "माझी आई गेली तेव्हा मी इथे या फोनवर तिचा श्वास ऐकत होते. तू त्याच महिन्यात तिकडून आलीस, अंगावर नवा कोट. मला म्हणालीस, चमेली फुललीये या वर्षी. कुणाला तुझा पासपोर्ट बघावासा वाटत नाही, कुणाला तुला दोन प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत. आपल्यातल्या हमीदला तिकडे उचललं, अमूंच्या भाचीला उचललं. तुला कधीच नाही."

"म्हणजे मला उचललं असतं तर बरं झालं असतं?"

ती भट्टीकडे वळली. "एकदा तरी अडवायला हवं होतं गं तुला," ती म्हणाली. "मला बरं वाटलं असतं."

बाहेर गोल झाल्याचा गलका उठला. आम्ही दोघी धावलो. आमचाच गोल होता, स्पेनशी बरोबरी. अमू टेबलावर चढले होते. तूबाने माझ्या गळ्यात हात टाकले, पिठाचे, गरम, आणि माझ्या कानात काहीतरी ओरडली. मग पंचांनी तपासून गोल रद्द केला. तिचे हात हळूहळू सुटले आणि ती भट्टीत काही जळतंय का ते बघायला गेली. कोपऱ्यात यदुल्ला आगांनी मूठ तोंडातून काढली आणि मला शेजारची खुर्ची सरकवून दिली. माझ्याशी बोलायला त्या दिवशी तेवढाच एक माणूस होता, आणि त्याच्यावरही माझा पुरता विश्वास नव्हता.

मी गेले. जुलैमध्ये, ठरल्याप्रमाणे. विमान उतरताना सगळ्या बायका डोक्यावर रुमाल घ्यायला लागल्या तेव्हा मीही घेतला. पासपोर्टच्या खिडकीमागे एक तरुण अधिकारी होता, दाढी नीट कातरलेली. त्याने माझा फोटो पाहिला, मला पाहिलं, संगणकात काहीतरी वाचत राहिला. आता विचारेल, मी मनात म्हटलं. आता म्हणेल, खानूम, जरा बाजूला या. आणि खरं सांगते, आई तासाभरावर वाट पाहत असताना, माझ्या मनात कुणीतरी म्हणत होतं, अडव. एकदाच अडव.

त्याने शिक्का मारला. "या खानूम, घर तुमचंच आहे," म्हणाला आणि मागच्याला हाक मारली.

आईने उठून दार उघडलं. काठीवर भार देऊन, खूप वेळ लावून, पण तिनेच उघडलं. मी तिला धरून रडले आणि तिला वाटलं आनंदाने रडतेय.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी तूबाला फोन केला. इराणमधून बाहेर फोनवर सगळं उघड बोलत नाहीत, आम्हा सगळ्यांना ती आडवळणाची भाषा येते.

"पोहोचलीस?" तिचा आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा होता.

"पोहोचले."

"वाटेत सगळं ठीक?"

आई समोर बसून खरबूज चिरत होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"नाही गं," मी म्हणाले. "उतरल्यावर बराच पाहुणचार झाला. आत बसवून ठेवलं. खूप विचारपूस केली. परत बोलावलंय."

 पलीकडे तूबा रडायला लागली. तिला रडताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय. जान, जान, असं काहीतरी म्हणत होती, मी काय करून बसले म्हणत होती, तू काही खाल्लंस का विचारत होती.

"लवकर परत ये, फरंगीस," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मला हे पहिल्यांदा म्हटलं.