ओल्या लाकडावर कुऱ्हाड

गगनबावड्याच्या रानात कुठलं लाकूड पेटतं आणि कुठलं नुसतंच धुमसतं, हे धोंडुबाईला विचारावं. तीस वर्षं तिनं मोळ्या वाहिल्या होत्या. कोल्हापूरच्या विश्वजितनं शहरातल्या लोकांना रानात मुक्कामाला न्यायचा धंदा काढला, तेव्हा चुलीसाठी त्यानं तिलाच धरलं. तिची लेक वर्षाराणी त्याच्या ऑफिसात कामाला होती. बोलणं तिनंच जुळवलं.

पहिल्या फेरीआधी विश्वजितनं धोंडुबाईला ऑफिसात बोलावून हत्यारं पुढ्यात मांडली. लांब दांड्याची चकचकीत कुऱ्हाड, घडीची करवत, कोयता. यातलं काय न्यायचं, असं विचारलं. धोंडुबाईनं कुऱ्हाड बाजूला सारली. घाटावरचं पडलेलं लाकूड वरून ओलं, शेवाळलेलं. त्यावर घाव निसटतो तो थेट पायावर येतो. करवतीनं हातभर तुकडे करावेत, त्यावर कोयता टेकवून वरून दांडकं हाणावं, की लाकूड फाकून आतलं कोरडं निघतं. "कुऱ्हाड घरातच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. विश्वजितनं सगळं लिहून घेतलं. शिकल्यासवरल्या माणसानं आपलं बोलणं कागदावर उतरवावं, याचं तिला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं.

मुक्कामावर गाडीतून सामान उतरलं, तर कुऱ्हाड त्यात होतीच. फोटोत तीच शोभून दिसते, असं विश्वजित हसत म्हणाला आणि त्यानं ती चुलीशेजारी ठेवली. राजवीर नावाच्या एका पाहुण्यानं ती उचलली. धोंडुबाई त्याला अडवायला उठली, तर विश्वजितनं तिला भाकरीकडं बघायला सांगितलं. तिसरा घाव सालीवरून घसरला आणि राजवीरच्या नडगीत बसला. धोंडुबाईनं पदर फाडून पाय आवळून बांधला. पाय वाचला, पण चालण्यात लंगडेपणा राहिला तो राहिलाच.

राजवीरच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार केली. राजवीरला एवढंच आठवत होतं की कुऱ्हाड चुलीजवळ पडली होती. विश्वजितनं जबाब दिला, ती स्वयंपाकीणबाईनं गावातून आणली. पुराव्याला सामानाची यादी जोडली. यादीत करवत होती, कोयता होता; धोंडुबाईनं सांगितलं होतं तसंच सगळं. कुऱ्हाड नव्हती. खाली सामान चढवणारी म्हणून वर्षाराणीची सही होती.

ठाण्याबाहेर धोंडुबाईनं लेकीला एवढंच विचारलं, "गाडीत कुऱ्हाड तूच चढवलीस न्हवं?"

वर्षाराणी रस्त्याकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "व्हय. पर नोकरी जाईल की माझी, आये. तुझं काय जातंय? तुला कोण वळखतंय?"

आत खुर्चीत बसलेल्या हवालदारानं पुन्हा विचारलं, तेव्हा धोंडुबाईपुढं दोनच वाटा होत्या. खरं सांगितलं तर लेकीची सही खोटी ठरत होती; नाही सांगितलं तर दोष स्वतःच्या माथी येत होता.

"मीच आणली," ती म्हणाली, आणि कागदावर अंगठा उमटवला.

हवालदारानं भर ठाण्यात, विश्वजितच्या देखत, तिला झापलं. अडाणी बायका रानात हत्यारं घेऊन फिरतात आणि चांगल्या घरच्या पोरांचं वाटोळं करतात, असं बरंच काही. विश्वजित मान हलवत होता. पुढं प्रकरण तडजोडीत मिटलं. चुलीवर दुसरी बाई आली.

परतताना वर्षाराणीनं एसटीत आईसाठी खिडकीजवळची जागा धरली होती. धोंडुबाई तिच्या शेजारून निघून अगदी मागच्या बाकावर, अनोळखी माणसांत जाऊन बसली.