कपाळावरची तीट

कोपऱ्यावरच रिक्षा सोडून सुलक्षणा बंद रसवंतीच्या टपरीमागे गेली आणि अनुष्काचे गाल दाबून तिने तापाच्या औषधाचा ड्रॉपर तिच्या तोंडात रिकामा केला. दीड वर्षाची पोर आधी रडली, मग गोड चव लागताच ओठ चाटू लागली. तिचं अंग भाजत होतं.

औषध लागू पडेपर्यंत पाळणाघरात जाऊन चालणार नव्हतं. दारातच थर्मामीटर लावायचे आणि ताप असला की पोर परत. सुलक्षणा लेकीला खांद्यावर टाकून येरझारा घालू लागली. टपरीच्या दुसऱ्या कडेला आणखी एक बाई तशाच फेऱ्या मारत होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, खांद्यावर मलूल मुलगा. "अमोघ, झालं हं, झालं," असं ती पुटपुटत होती. दोघींची नजर भिडली आणि दोघींनीही ती लगेच रस्त्याकडे वळवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

हिंजवडीच्या कंपन्या वाढल्या तशी घरोघर पोरं सांभाळणाऱ्या बायका झाल्या होत्या, पण नोंदणी असलेलं पाळणाघर या बाजूला एकच, कासारसाईच्या रस्त्यावर शारदाताईंचं. कंपनी खर्चातला वाटा उचलायची तो फक्त नोंदणी असली तरच. अनुष्का रांगत होती तेव्हा तिचं नाव घातलं, ती चालू लागली तेव्हा जागा मिळाली. आता ही जागा गेली तर नोकरी गेली, हे सुलक्षणाला पक्कं ठाऊक होतं. नवरा निषाद कामासाठी बंगळूरला, सासू परभणीला. तिला दुसरं कोण होतं?

शारदाताईंनी अनुष्काच्या काखेत थर्मामीटर सरकवला, बोलता बोलता काढला आणि उजेडाकडे धरला.

"न्हाई काय ताप. जावा तुमी बिनघोर."

सुलक्षणाला हायसं वाटलं. काम हातावेगळं झाल्यासारखी ती भराभर पायऱ्या उतरली.

पण ऑफिसात बसल्यावर भीती पुन्हा वर आली. दिवाळीत परभणीला असाच ताप चढला होता आणि अनुष्काला झटके आले होते. डोळे पांढरे, ओठ निळे, आणि सासूबाईंचा तो आकांत. ताप वाढला तर पुन्हा येऊ शकतात, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर पाळणाघरात जागा मिळाली तेव्हा शारदाताईंनी विचारलं होतं, "झटके-बिटके येत न्हाईत ना?" सुलक्षणा म्हणाली होती, "नाही."

दुपार झाली. आता औषधाचा अंमल उतरत असणार. समोर मीटिंग चालू होती आणि तिला एक शब्द कळत नव्हता. ती उठून जिन्यात गेली आणि फोन लावला.

"ताई, अनुष्का काय करतेय?"

"झोपलीया."

झोपली आहे की निपचित पडली आहे? हे विचारायचं कसं? ताप बघा म्हटलं तर सकाळचं सगळं उघडं पडणार. सुलक्षणाने आवाज हलका केला.

"तिला तीट लावलीय ना, ती घामाने डोळ्यात उतरते. जरा कपाळाला हात लावून पुसता का?"

पलीकडे पावलं वाजली.

"पुसली," शारदाताई म्हणाल्या. मग सावकाश म्हणाल्या, "कपाळावरची तीट विचारनाऱ्या आज तुमी तिसऱ्या."

म्हणजे पाळणाघर तापानेच भरलं होतं.

"गरम आहे का?"

"हाय. चांगलीच हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इतके महिने तिने जपलं होतं. ती मूठ तिला आता धरवेना.

"ताई, तिला तापात झटके येतात. मी खोटं सांगितलं तुम्हाला. आले तर कुशीवर ठेवा. तोंडात काही घालू नका, चमचासुद्धा नाही."

"कांदा फोडून ठिवू नाकाशी?"

"नको. गाडी मिळाली तर सरळ दवाखान्यात न्या. मी निघालेच."

रिक्षात तिने जितके देव आठवले तितके सगळे आळवले.

शारदाताई ओसरीवर बसल्या होत्या. अनुष्का त्यांच्या मांडीवर, कपाळावर ओली पट्टी, काखेत थर्मामीटर. अनुष्काने डोळे उघडले आणि आईकडे हात केले. सुलक्षणा त्यांच्याशेजारी बसली आणि तिने लेकीचा हात धरला.

"आले नाहीत ना झटके?"

"न्हाई. आत्ताच लावलंय मीटर, थांबा जरा. गाडी बोलावलीया."

दोघी त्या काचेच्या कांडीकडे बघत राहिल्या. सकाळी एवढा वेळ लागला नव्हता.

"सकाळी तर ताप नव्हता हो. तुम्हीच बघितलात."

शारदाताईंनी पट्टी पिळली आणि उलटी केली. त्यांनी मान वर केली नाही.

"सकाळी मी पारा चढूच देत न्हाई," त्या म्हणाल्या. "समद्यांचंच तसं करते. तापल्याली समदी परत धाडली तर हितं ऱ्हाईल कोन? तुमी आया दारात अशा हुभ्या ऱ्हाता, बघवत बी न्हाई."

सुलक्षणाला राग यायला हवा होता. तिने तो शोधलाही, पण तोंड उघडायला तिला जागाच नव्हती. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवरच्या चौकटीत नोंदणीचा दाखला होता आणि त्याला ताजा हार घातलेला होता. आतल्या खोलीत एक मूल कण्हत होतं.

तेवढ्यात शारदाताईंचा मोबाइल वाजला. त्यांनी नाव बघितलं.

"अमोघची आई. सकाळी बी केलावता." "काय सांगू?"

सुलक्षणाने लेकीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन घेतला.

"हॅलो ताई, एक छोटंसं काम होतं," पलीकडून उसना हसरा आवाज आला. "अमोघच्या कपाळावरची ती तीट—"

"मी अनुष्काची आई बोलतेय," सुलक्षणा म्हणाली. "सकाळी टपरीमागे होते ती. तीट राहू दे. तू निघ."