नऊवरचं हसू, एकतीसवरचा प्रश्न

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. जेवणाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकून मी चालू होतो. मी एक टेपरेकॉर्डर. त्या सकाळी तिथे काय घडलं ते आता मलाच सांगायला हवं, कारण बाकीच्यांचं ते आपापल्या सोयीने सांगून झालं आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने मोटर बसवली, दुसरीने बटणं लावली, तिसरीने कान लावून ऐकलं आणि मान हलवली. माझ्या छातीवर एक बारीक खिडकी आहे. कॅसेट फिरू लागली की तिच्यात आकडे सरकतात. ही खिडकी लक्षात असू द्या.

अठ्ठावीस वर्षं मी एकाच बातमीदाराकडे आहे. त्यांना सगळे तात्या म्हणतात. एकदा सभेच्या गर्दीत मी जिन्यावरून गडगडलो, तेव्हापासून माझं झाकण रबरबँडने बांधलेलं असतं. ऑफिसातली नवी मंडळी मला ‘तात्यांचा डबा’ म्हणतात. म्हणोत. डब्यात जे भरलं तेच बाहेर निघतं, एवढं तरी त्यांनी कबूल करावं.

तात्यांची जुनी सवय आहे. आवाज नीट येतो का ते पाहण्यासाठी ते समोरच्याला आधी विचारतात, “चहात साखर किती घेता?” कितीही घाबरलेला माणूस याचं उत्तर देतो.

त्या दिवशी समोर होता लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक; घर त्याचंच. चार दिवसांपूर्वी त्याच्या ताब्यातली एक लिफ्ट दोर तुटून खाली आली होती. आत तीन माणसं होती. दोघांची हाडं मोडली, तिसरी बाई बेशुद्ध होती. कंपनीने त्याला घरी बसवलं होतं आणि शुक्रवारी चौकशी होती.

“दोन चमचे,” तो म्हणाला.

आतून त्याची बायको म्हणाली, “चार. डॉक्टरांनाही दोनच सांगतात.”

तो हसला. चार दिवसांत बहुधा पहिल्यांदाच. माझ्या खिडकीत तेव्हा आकडा होता ००९.

मग तात्यांनी खरा प्रश्न विचारला. आकडा ०३१.

“ती बाई अजून शुद्धीवर नाही. तुम्हाला झोप लागते?”

०३१ पासून ०४६ पर्यंत माझ्यावर फक्त स्वयंपाकघरातला गळका नळ आहे. मग तो म्हणाला, “नाही लागत. दोर बदला असं तीनदा लिहून दिलं होतं मी. चौथ्यांदा का नाही दिलं, हेच डोक्यात फिरतं.”

आमच्याच ऑफिसच्या व्हिडिओ विभागातली एक बाई शेजारी मोबाइल धरून बसली होती. संध्याकाळी तिचा व्हिडिओ झळकला. अकरा सेकंदांचा. तात्यांचा प्रश्न आणि लगेच मेकॅनिकचं हसू. चेहऱ्याभोवती लाल गोल, वर बाण, मागे वाद्यं, आणि मथळा: ‘याला लाज वाटत नाही?’

मला अशा बातम्यांचा वास लांबून येतो. खऱ्या घरात माणसाला हुंदका येतो तेव्हा मागे नळ गळतो, व्हायोलिन वाजत नाही. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की मी सावध होतो. ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर आधी चौकशी करा. ठाऊक नसताना नुसता धुरळा का उडवता? आणि त्या लाल गोलाचा तर मला भारी संशय. जे खरंच दिसतं त्याला गोल काढावा लागत नाही.

बुधवारी तात्यांनी मला डेस्कप्रमुखांच्या टेबलावर आदळलं आणि ऐकवलं. व्हिडिओवाली बाई म्हणाली, मी अख्खा पाठवला होता. कापाकापी करणारा म्हणाला, माझ्याकडे आला तोच असा. डेस्कप्रमुख म्हणाले, “तात्या, हल्ली चांगले क्षण यंत्रच निवडतं. माणसाचा हात लागत नाही.” वर त्यांनी तोडगाही काढला: मेकॅनिकला पुन्हा बोलवू, ‘त्या हसण्यामागचं सत्य’ असा दुसरा व्हिडिओ करू, तो पहिल्याहून जास्त चालेल.

“पहिला काढणार का?” तात्यांनी विचारलं.

“चाललेली गोष्ट कोण काढतं?”

हे ऐकून माझी मोटर तापली. मीही यंत्रच आहे. अठ्ठावीस वर्षांत आपण होऊन मी एक उसासाही इकडचा तिकडे केलेला नाही. स्वतः करायचं आणि आमच्या माथी मारायचं, ही माणसाची जात मी ओळखून आहे.

शुक्रवारी तात्या मला घेऊन चौकशीत गेले. खिडकीतला एकेक आकडा त्यांनी मोठ्याने वाचला. अधिकाऱ्यांनी ०४६ पर्यंतची शांतता दोनदा ऐकली, मग मेकॅनिकच्या तीन अर्जांच्या प्रती मागवल्या. आठवड्याने तो कामावर परतला.

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्याच्या घरी गेलो. नोकरी आहे, तो म्हणाला. पण तो लिफ्टपाशी दिसला की लोक त्याचा चेहरा ओळखतात, हळूच मोबाइल वर करतात आणि जिन्याने जातात. एक म्हातारा तर पाच मजले चढला.

तात्यांनी सवयीने विचारलं, “साखर किती?”

“दोन.”

आम्ही थांबलो. आतून कोणी काही बोललं नाही.

आता मी तात्यांच्या खणात असतो. कॅसेट पोटातच आहे, तिच्यावरचे आकडेही तसेच आहेत. कुणी अकरा सेकंदांत माणूस दाखवला तर त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, एवढं विचारा. मी आणखी काही मागत नाही.

तो व्हिडिओ आजही तिथेच आहे. हसू नऊवर होतं, प्रश्न एकतीसवर. त्यांची जागा कोणी बदलली, हे ऑफिसातल्या एकानेही अजून सांगितलेलं नाही.