बशीतली ग्रंथी

लग्नानंतरचा पहिला ओवसा, आणि नातसून भरलेलं सूप गौरीपुढे तसंच ठेवून लॅबमध्ये पळाली! घोडपदेवच्या चाळीतल्या झाडून साऱ्या बायका दारात जमलेल्या. गंगुबाईंना तोंड कुठे लपवावं कळेना. "तासाभरात येते, आजी. पेशींना आज खाणं द्यायचंय," म्हणे. घरात गौर ताटकळतेय आणि हिला पेशींचा पुळका!

अनुजाबद्दल गंगुबाईंच्या मनात पहिल्यापासून पाल चुकचुकायची. नातू वैभवच्या मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी दोन वर्षांपूर्वी गाठीसकट काढली, तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ गोळ्यांवर. चुकल्या की घेरी येऊन आडवा. आणि या बयेने लग्नाआधीच त्याचं रक्त मागून नेलं. रक्त का कुणी असं परक्याच्या हाती देतं?

ती गेल्यावर वैभवचं अंथरूण आवरताना उशीखाली संध्याकाळच्या दोन गोळ्या सापडल्या.

"मेल्या, हे काय?"

"आता कशाला, आजी? अनुजा माझी नवी ग्रंथी वाढवतेय. दिवाळीपर्यंत बसवतील."

गंगुबाईंनी समोर उभं राहून त्याला सकाळची गोळी गिळायला लावली, पदर खोचला आणि टॅक्सीने थेट परळ गाठलं.

पांढऱ्या कोटातल्या अनुजाने दाराच्या काचेतून दाखवलं: बश्यांत गुलाबी पाणी, पाण्यात साबुदाण्याहून बारीक ठिपके.

"हे आमच्या वैभवचं?"

"त्याच्या रक्तापासून केलेल्या पेशी, आजी. त्यांच्यातून मेंदूचा तळ आणि ग्रंथी एकत्र वाढवतोय. आता थोडं हार्मोनही सोडतात."

"डोक्यात कधी बसवणार?"

अनुजा काचेवरचा डाग कोटाच्या बाहीने पुसू लागली.

"बोल गो! एरवी तोंड मिटत नाही तुझं."

"माहीत नाही. पंधरा वर्षं लागतील, कदाचित कधीच नाही. सध्या आजार समजून घ्यायला, औषधं तपासायला आहे हे."

"मग दिवाळी कुणी सांगितली?"

"त्यानेच विचारलं, दिवाळीपर्यंत होईल ना? इतका खुशीत होता... मी नुसती हसले."

गंगुबाईंनी त्या दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. "उशीखाली होत्या."

अनुजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओवशाचं गौर बघून घेईल," गंगुबाई म्हणाल्या. "तुझ्या बश्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी त्या बंद कर असं म्हणणार नाही. पण आजारी माणसाला नाही म्हणायचं तिथे तू हसलीस, ही तुझी चूक. कोट काढ, घरी चल आणि माझ्यासमोर त्याला नाही म्हण."