उजव्या बाजूच्या मगरी

हॉइट मेबरीने शनिवारच्या सफरीची यादी टेबलावर ठेवली, पण वर्लन पेटिसला ती हातात घ्यायचा धीर होईना. यादी डाव्या हाताने लिहिलेली होती. अक्षरं पहिलीतल्या पोराची असावीत तशी, एक आभाळात तर एक पाताळात. हॉइटचा उजवा हात मनगटापासून गेला त्याला आता तीन महिने होत होते, आणि आयुष्यभर उजव्या हाताने सगळं केलेला माणूस पासष्टाव्या वर्षी नव्याने बाराखडी गिरवत होता.

"वाच की," हॉइट म्हणाला. "का तुलाही माझ्या मुलासारखा चष्मा लावून माझी कीव करायचीय?"

वर्लनने वाचलं. तिरंदाज पक्षी, पंख वाळत घालून बसलेला. जांभळी पाणकोंबडी. गोगलगाई खाणारी घार. हरणं, वेताच्या बेटाजवळ. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेला, कालव्यावरच्या मोरीमागचा डोह.

वर्लनने यादीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

सफर रँडलच्या कुटुंबासाठी होती. रँडल हा हॉइटचा एकुलता मुलगा, जॅक्सनव्हिलला असतो, विमा कंपनीत आहे आणि बोलतोही तसाच. तो शनिवारी बायको आणि सहा वर्षांच्या डेलनीला घेऊन येणार होता, आणि रविवारी बापाला सामानासकट गाडीत घालून नेणार होता. हॉइटने हो म्हटलं होतं. फक्त जायच्या आधी नातीला एकदा पाणथळ दाखवायची, वर्लनच्या एअरबोटीतून, म्हणजे मागे मोठा पंखा लावलेल्या सपाट होडीतून, एवढीच त्याची अट होती.

ज्या माणसाला रायफलीच्या धाकानेही कुणी ह्या पाणथळीतून हलवू शकलं नसतं, तो हो का म्हणाला? कारण त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. हॉइट म्हणजे ह्या भागातला शहाणा माणूस. चाळीस वर्षं त्याने रात्री बेडूक मारून, ते विकून पोट भरलं. पाण्यावर दोन डोळे चमकले की त्यांच्यातलं अंतर बघून मगर किती फुटी ते सांगायचा, आणि मोजली तर बोटभरही फरक निघायचा नाही. आणि अशा माणसाचा हात भर दुपारी, कालव्याच्या काठावर, मासे पकडताना मगरीने नेला. मगर आली कधी, हे त्याला कळलंसुद्धा नाही. लोकांनी दवाखान्यात येऊन हळहळ केली आणि बाहेर जाऊन माना हलवल्या. म्हातारपण, दुसरं काय. रँडलने ते तोंडावर म्हटलं. शेवटी हॉइटही तेच म्हणू लागला.

ते खरं नव्हतं, आणि ते एकट्या वर्लनला माहीत होतं.

वर्लनच्या पत्र्याच्या शेडवर एक पाटी होती: मगर दिसली नाही तर पैसे परत. पाटी लावली तेव्हा ती गंमत होती. पण मगरीला पाटी वाचता येत नाही. थंडीत ती तळाशी बसते, कडक उन्हात गवतात शिरते, आणि पाहुणे बोटीत बसून कॅमेरे पुसत राहतात. चार वर्षांपूर्वी एका अशाच रिकाम्या आठवड्यानंतर वर्लनने मार्शमॅलोची पिशवी आणली. साखरेचे ते पांढरे मऊ गोळे पाण्यावर तरंगतात आणि मगरीला का कोण जाणे, पण फार आवडतात. मोरीमागच्या डोहाशी जायचं, इंजिन बंद करायचं, आपल्या उंच खुर्चीवरून उजव्या हाताने एक गोळा हळूच सोडायचा. पाहुण्यांची तोंडं पुढे असतात, मागे काय पडलं कुणी बघत नाही. महिन्याभरात मगरी नुसत्या इंजिनाच्या आवाजावर यायला लागल्या. मगरीला खायला घालणं हा गुन्हा आहे, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. माणसाला सोकावलेली मगर माणसाला भीत नाही. वर्लन स्वतः पाहुण्यांना हे भाषण द्यायचा, आणि मग इंजिन बंद करायचा.

मे महिन्यात हॉइट त्या डोहाच्या पलीकडे, कालव्यावर गळ टाकून बसला होता. नजर अधू झाली म्हणून त्याने गळाचं लाल बूच काढून पांढरं लावलं होतं. पांढरं, गोल, पाण्यावर डुलणारं. मगर बूच गिळून निघाली, काठी ओढली गेली, हॉइट मासा लागला समजून काठी धरायला वाकला, आणि मगरीने उलटून हात धरला. दुसऱ्या दिवशी सरकारने नेमलेल्या पकडणाऱ्याने दहा फुटी नर गळाला लावून मारला आणि कागदावर प्रकरण मिटलं. वर्लन त्या मगरीला चार वर्षं रोज भेटत होता.

तेव्हापासून वर्लनने एकही गोळा टाकला नव्हता. पिशवी जाळली. रोज संध्याकाळी तो हॉइटकडे जायचा, बायकोने तळलेले मासे आणि मक्याचे वडे घेऊन. हॉइट डाव्या हाताने खायचा आणि परत परत तोच दिवस उगाळायचा. ऊन कुठून होतं, हाताला माशाचं पाणी लागलं होतं का, पाण्यावर बुडबुडे आले असतील आणि आपण पाहिले नसतील का. वर्लन मान डोलवायचा. रोज ठरवून जायचा की आज सांगायचं. रोज वड्यांचं रिकामं भांडं घेऊन परत यायचा.

आता तो यादीवर बोट ठेवून म्हणाला, "डोह सोडून देऊ. गवत फार माजलंय तिकडे."

"एअरबोटीला गवताचं काय? ती दवावरसुद्धा चालते."

"पाणी कमी आहे."

हॉइटने त्याच्याकडे असं बघितलं की वर्लनला आपल्याच जिभेची लाज वाटली. ऑगस्ट होता, रोज दुपारी धो धो पडत होतं, खिडकीतून दिसणारा धक्कासुद्धा अर्धा पाण्यात होता.

"वर्लन," हॉइट म्हणाला, "मला ती जागा बघायचीय. काठावरून नाही, पाण्याच्या बाजूने. मी कुठे चुकलो ते एकदा कळू दे. मग मी गुपचूप जॅक्सनव्हिलला जाऊन टीव्ही बघत बसेन."

वर्लनने यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रस्ता आखला. सातला निघायचं, ऊन चढायच्या आत. आधी वेताचं बेट, तिथे हरणं. मग मोकळं पाणी, तिथे घार. कमळांच्या पट्ट्यात पाणकोंबडी. डेलनीसाठी लहान कानबंद आणायचे, इंजिनाच्या आवाजाने पोरीचे कान जायला नकोत. पुढच्या बाकावर रँडल आणि त्याची बायको, मध्ये पोर, मागे हॉइट. शेवटी डोह. ते दोन शब्द लिहिताना पेन अडकलं, शाई होती तरीही.

शुक्रवारी वर्लन एकटाच बोट घेऊन डोहावर गेला. तीन महिने उपाशी ठेवल्यावर मगरी विसरल्या असतील, नसतील तर हाकलून लावू, असा त्याचा बेत होता. इंजिन बंद केलं आणि गवताच्या कडेने पाणी हललं. एक, दोन, मग तिसरी. सरळ त्याच्या खुर्चीखाली, उजव्या बाजूला, आणि तिथे थांबून वर बघत राहिल्या. वर्लनने बांबू आपटला. त्या चार हात मागे सरकल्या आणि परत आल्या. त्याने शिव्या दिल्या, इंजिनाचा पंखा फिरवून पाणी उडवलं, टोपी फेकून मारली. त्यातल्या धाकटीने टोपी चावून पाहिली आणि सोडून दिली. चौसष्ट वर्षांचा बाप्या भर पाण्यात हातवारे करत नाचत होता आणि मगरी शांतपणे खाऊची वाट बघत होत्या. शेवटी तो खुर्चीवर मटकन बसला. ह्यांना कुणी शिकवलं, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं, तरी त्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

तो चुपचाप घरी आला. कुणी विचारलंच तर मगरींना कुतूहल असतं असं सांगू, असं त्याने ठरवलं. रँडलला ते पटलं असतं. हॉइटला पटणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या मनाच्या एका भित्र्या कोपऱ्याला वाटत होतं, आपल्याला बोलता येत नाही तर मगरींनाच बोलू दे.

शनिवारी सकाळी छान उघडलं. बेटाजवळ दोन हरणं पोटापर्यंत पाण्यात उभी होती. घारीने गोगलगाय उचलून वाळक्या फांदीवर नेली आणि वाकड्या चोचीने शंखातून ओढून काढली, तेव्हा डेलनीने नाक मुरडलं आणि परत एकदा दाखवा म्हणाली. हॉइट डाव्या हाताने पोरीला एकेक गोष्ट दाखवत होता. वर्लनने मागून त्याचा अर्धवट वळलेला चेहरा पाहिला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस हसत होता. वर्लनला वाटलं, इथूनच बोट वळवावी, इंजिनात बिघाड झाला म्हणावं. त्याचा हात सुकाणूच्या दांड्यावर गेलासुद्धा.

पण हॉइट वळला आणि त्याने बोटाने दिशा दाखवली. डोह.

वर्लनने इंजिन बंद केलं. पंखा थांबला, सगळ्यांनी कानबंद काढले. शांतता पसरायच्या आत पाणी हललं.

"आजोबा, त्या आपल्याकडे येतायत," डेलनी म्हणाली. "त्यांना आपण आवडलो."

तिन्ही मगरी बोटीच्या पुढच्या बाजूला फिरकल्याही नाहीत. बाकावरच्या चार माणसांना ओलांडून त्या सरळ मागे आल्या, वर्लनच्या उजव्या हाताखाली, आणि तोंड वर करून थांबल्या.

हॉइटने मगरींकडे पाहिलं. मग वर्लनच्या हाताकडे. मग पलीकडे, गवताच्या फटीतून दिसणाऱ्या कालव्याच्या काठाकडे, जिथे तो मे महिन्यात बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"बघा बाबा," रँडल म्हणाला. त्याने पोरीला मांडीवर ओढून घेतलं होतं. "ह्या जनावरांशेजारी तुम्ही पाय सोडून बसत होतात. मी उगाच म्हणत नाही की आता एकटं राहणं तुम्हाला झेपत नाही."

वर्लनला वाटलं, आता हॉइट आपल्याकडे बोट रोखेल. हॉइटने मान खाली घातली.

"हो रे," तो म्हणाला. "माझंच चुकलं. मला कळायला हवं होतं."

हे मात्र वर्लनला सोसवलं नाही. शिव्या ऐकायची त्याने तयारी केली होती. कळूनसुद्धा हॉइट त्याला पाठीशी घालतोय, त्याचा परवाना आणि पाटी आणि शेड वाचावं म्हणून स्वतः वेडा ठरतोय, ह्याची तयारी त्याने केली नव्हती.

"त्याचं काही चुकलेलं नाही," वर्लन म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याला परत म्हणावं लागलं. "रँडल, तुझ्या बापाची चूक नव्हती. मी चार वर्षं ह्यांना खायला घातलंय. पांढरे गोळे, साखरेचे. पांढरं काही तरंगलं की ह्या झडप घालतात. त्या दिवशी त्याच्या गळाला पांढरं बूच होतं."

रँडल उभा राहिला तशी बोट डचमळली आणि बायकोने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. तो जे बोलला त्यातलं बरंचसं पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. वर्लनने सगळं ऐकून घेतलं. आज दुपारीच मी स्वतः वन्यजीव खात्याला फोन करून सगळं सांगणार आहे, तू तक्रार कर किंवा करू नकोस, असं तो म्हणाला. हॉइट एवढंच म्हणाला, "बोट मागे घे."

एअरबोटीची एक गोष्ट चांगली. ती चालत असताना कुणाला कुणाशी बोलता येत नाही. वीस मिनिटं वर्लन हॉइटच्या पाठीकडे बघत बोट चालवत राहिला. फोन दुपारी केला आणि पाटीही उतरवली, पण ते नंतर.

धक्क्याला लागल्यावर रँडलने बायकोला आणि पोरीला गाडीकडे धाडलं. हॉइट डाव्या हाताने खांब धरून उतरला, वर्लनने पुढे केलेला हात त्याने पाहिला नाही किंवा पाहिला असूनही घेतला नाही.

"रँडल, मी येत नाही," तो मुलाला म्हणाला. "माझ्या खोक्यांच्या दोऱ्या सोड."

"बाबा, एका हाताने तुम्ही इथे..."

"हात गेलाय. डोकं जागेवर आहे. आत्ताच कळलं."

रँडलने बापाकडे बघितलं आणि गाडीकडे गेला. धक्क्यावर दोघेच उरले.

"मगर मगरीसारखी वागली," हॉइट म्हणाला. "तू पोटासाठी केलंस, तेही मी समजू शकतो. आपल्यातला कुणी कायद्याने जगला नाही. पण तीन महिने मी रोज स्वतःला विचारत होतो, माझं डोकं चालेनासं झालंय का. मोठ्याने विचारत होतो. आणि तू समोर बसून ऐकत होतास."

"हो," वर्लन म्हणाला.

हॉइट वळला आणि एकटाच घराकडे चालू लागला.