पलीकडची कड

व्हर्लिनचा गुडघा बदलायचा होता, म्हणून चार दिवस त्याच्या मांजरीला खायला घालायचं काम माझ्याकडे आलं. किल्ली देताना म्हणाला, "लोवेल, दूध देऊ नकोस हं तिला, कितीही रडली तरी." किल्लीच्या कडीत भोक पाडलेलं एक सेंटचं नाणं होतं. काठाचा घास घेतल्यासारखा तुकडा गेलेला. मी ते ताबडतोब ओळखलं.

आमच्या गावचं नाणी-मंडळ शनिवारी सकाळी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये भरतं. कॉफी असते, डोनट असतात आणि निवाडा करायला मी असतो. लोक वेडीवाकडी नाणी घेऊन येतात. बहुतेकांवर हातोडा तरी पडलेला असतो, नाहीतर ती कपडे वाळवायच्या मशीनमध्ये महिनोन्‌महिने फिरलेली असतात. चूक टांकसाळीत झाली तर ते नाणं जपून ठेवायचं, बाहेर झाली तर ती नुसती नासधूस. तीस वर्षं मी हेच सांगत आलोय, आणि सांगताना मला फार बरं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी व्हर्लिनची बायको आर्डिथ हे नाणं घेऊन आली होती. चर्चच्या केकविक्रीत सुट्ट्या पैशांत तिला मिळालेलं. "लोवेल, हे टांकसाळीतच असं झालंय ना रे?"

मी भिंगसुद्धा काढलं नाही. "टांकसाळीत? अगं, ही पत्रा कापायची कात्री! नवऱ्याच्या गॅरेजात शोध, उरलेला तुकडा सापडेल."

सगळा हॉल हसला. व्हर्लिनही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आर्डिथने नाणं पर्समध्ये टाकलं, डोनट संपवला आणि ती पुन्हा कधी मंडळात आली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. या जानेवारीत ती गेली.

आता तिच्याच स्वयंपाकघरात बसून मी भिंग काढलं. टांकसाळीत धातूच्या पट्टीतून नाण्याची चकती कापताना यंत्र चुकून आधीच्या भोकावर पडलं, तर चकती एका बाजूने अपुरी निघते. मग चहूबाजूंनी दाबून तिचा काठ उचलताना तुटक्या बाजूच्या बरोबर समोर दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. कात्रीला हे जमत नाही. नवीन माणसाला मी पहिला धडा हाच देतो, कापलेलं बघू नकोस, पलीकडची कड बघ.

पलीकडची कड पुसट होती. नाणं अस्सल होतं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! भोक पडल्यावर आता त्याला कोण विचारणार? मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. दोन दिवस गप्प बसलोही. तिसऱ्या दिवशी मांजर माझ्याकडे बघत बसली आणि मी तिला वाटीभर दूध दिलं. मला माझीच लाज वाटली.

व्हर्लिन घरी आला, पाय उशीवर ठेवून बसला. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं. "ते नाणं खरं आहे. मी न बघताच बोललो होतो."

त्याने किल्ली उचलून नाण्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी घरी जाताना ती गाडीत म्हणाली होती," तो म्हणाला. "'व्हर्लिन, समोरची कड बघ, पुसट आहे.' लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं होतं तिनं. आणि मी काय म्हणालो? 'तू काय लोवेलपेक्षा शहाणी?' दुसऱ्या दिवशी मीच ड्रिल घेऊन भोक पाडलं. म्हटलं, किल्लीला तरी उपयोगी पडेल."

"व्हर्लिन, मी—"

"तू गप्प बस. तुझं बोलणं ऐकूनच हे झालंय." त्याने किल्ली काढून घेतली आणि नाणं माझ्यापुढे सरकवलं. "शनिवारी हे ने. सगळ्यांसमोर बोलला होतास, तर सगळ्यांसमोरच सांग. आणि माझं म्हणू नकोस. तिचं म्हण."

दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाला, "आणि मांजरीला दूध पाजलंस ना? जिकडेतिकडे घाण करून ठेवलीय."

शनिवारी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून मी नेहमीसारखी वर नोंद केली होती. एका हातातून दुसऱ्या हातात फिरत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. नोंद अशी होती:

सापडलं: आर्डिथला. ओळखलं: आर्डिथने. तुकडा: टांकसाळीत गेला. भोक: लोवेलमुळे.