मिरगाच्या आधीची माती

राखणीला ठेवलेल्या माणसानं राखण करावी, घरात नवी भानगड करून ठेवू नये. पण पिराजीला स्वस्थ बसणं कधी जमलंच नव्हतं. रुक्मिणबाईचा हा धाकटा दीर कुणाच्या दारी पाहुणा म्हणून गेला तरी चहाच्या आधी छपराकडं बघायचा आन जेवायच्या आधी त्यावर चढायचा. मातीचं छप्पर, माळवद, थापण्यात पंचक्रोशीत आपला हात धरणारा कुणी न्हाई, हा त्याचा ताठा. भाचीच्या लग्नासाठी लातूरला जायचं म्हणून रुक्मिणबाईनं त्याच्या हाती किल्ली दिली, आन तिसऱ्याच दिवशी याचा फोन. "वैनी, घराचं एक काम करून ठेवायलोय. बघताल तर खुश होताल."

"त्यांनी एक काम करायचं आन निस्तरायला चार माणसं लावायची," लोह्याला बसमधून उतरताना ती सुनेला म्हणाली. सून गीतांजली झोपलेल्या लेकीला, राजकन्येला, खांद्यावर टाकून पुढं चालत होती.

गीतांजली घरं आखायची. नांदेडला तिचं ऑफिस होतं आन लोह्यातलं हे घर तिनंच आखलेलं. सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा, भिंती दुहेरी, मध्ये हात जाईल एवढी पोकळी. वर स्लॅब, पण स्लॅबच्या पोटात पालथी मडकी निजवलेली, म्हणजे वजनही हलकं आन ऊनही खाली उतरत न्हाई. त्यावर चार बोटं माती, चुना आन पांढऱ्या फरशीचे तुकडे. मधल्या खोलीत, जुन्या माळवदाला असायचं तसं, छपरातलं उजेडाचं तोंड, सानं. तापलेली हवा त्यातून वर निघून जायची. बाहेर डांबर चिकटायला लागलं तरी आत लेकराला पातळ गोधडी घालावी लागायची.

हे घर व्हायला रुक्मिणबाई वर्षभर आडवी आली होती. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात तिची आई माळवदाखाली गेली. गळू नये म्हणून दर साल मिरगाच्या आधी गढीची पांढरी माती आणून वर थापायची आन जुनी कुणीच काढायचं न्हाई. पणजाची माती, आज्याची माती, बापाची माती, सगळी एकावर एक. खाली गारवा आन डोक्यावर डोंगर. त्यानंतर ती पत्र्याखाली भाजून निघाली, पण मातीखाली पाठ टेकली न्हाई. सुनेनं लईच समजावलं तेव्हा एकाच अटीवर मान हलवली. चार बोटांवर पाचवं बोट माती चढली, की मी नातीला घेऊन बाहेर पडणार. पिराजी तेव्हा समोरच बसून सुपारी कातरत होता.

दार उघडून आत आल्या तर खोली नेहमीपेक्षाही गार होती. गीतांजलीनं लेकराला सान्याखालच्या पाळण्यात निजवलं. उजेड कमी वाटला म्हणून तिनं वर बघितलं, तेवढ्यात छपरावर आवाज झाला. धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प.

रुक्मिणबाई जागीच थांबली. ओली माती चोपायच्या धुमसाचा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. पाळण्याच्या मच्छरदाणीवर बारीक भुकटी पडत होती.

"आत्या," गीतांजली सासूला हळूच म्हणाली, "सान्याच्या कोपऱ्यातली ही चीर आधी नव्हती."

"पोरीला घे आन निंबाखाली जा. पाय वाजवू नको."

शिडी मागच्या अंगाला होती. रुक्मिणबाई चढली आन कठड्यापर्यंत डोकं गेल्यावर तिला सगळं दिसलं. पांढरी फरशी गडप झालेली. वीतभर ओली माती, आन अगदी मधोमध, सान्याला लागून, धुमस उचलून उभा पिराजी.

खालून गीतांजलीचा दबका आवाज आला. "मधून चालू देऊ नका त्यांना. भिंतीवरून येऊ द्या. आणि काही आपटू देऊ नका."

रुक्मिणबाईच्या जिभेवर शिव्या तयार होत्या. पण हा माणूस बोलणं खाल्लं की हातातलं आपटून, पाय आपटत चालू लागायचा, हे तिनं चाळीस वर्षं पाहिलेलं. तिनं शिव्या गिळल्या.

"भाऊजी, खाली या. चहा टाकलाय."

पिराजी बघतच राहिला. "तुम्ही? मला चहा?"

"हाव. आलं घालून."

"काय झालं वैनी? कुणी गेलं का?"

"अजून न्हाई. ते धुमस हळू मातीत निजवा. लेकरावानी."

त्यानं निजवलं. "काम पसंत पडलं म्हणा की. वळवाच्या पाण्याला सान्याच्या कडेनं दोन थेंब गळाले. म्हटलं मिरगाच्या आत सोय लावू. फरशी कुठं पाणी अडवती?"

"लई पसंत पडलं. आता कडंला सरका आन भिंतीभिंतीनं या."

"सरळच येतो की."

"सरळ तुम्ही जन्मात आला न्हाईत. आज वाकडं या."

तो हसला आन त्यानं पाय उचलला. तेवढ्यात पायाखाली, चुलीवर मडकं तडकावं तसं, बारीक काहीतरी वाजलं. माळवदात हयात गेलेला माणूस तो. त्याचं हसू तिथंच विरलं. उचललेला पाय त्यानं अलगद टेकवला आन कडेला सरकला. मग कठड्याला बोटं लावून, मांजरासारखा, एकेक पाऊल टाकत आला. रुक्मिणबाई शिडीची एकेक पायरी मागं उतरत होती, पण नजर त्याच्या पायांवरून हलवत नव्हती.

निंबाखाली बसल्यावर त्यानं आधी छपराकडं बघितलं. मग इकडंतिकडं चहा शोधला. चहा नव्हताच.

गीतांजलीनं फोन करून बालाजी मिस्त्रीला माणसं घेऊन बोलावलं. आधी चिरेखाली लोखंडी टेकू बसले, मग भिंतीवरून घमेल्या-घमेल्यानं माती खाली आली. दिवस कलताना ती आत जाऊन चीर बघून आली आन म्हणाली, "स्लॅब वाचला. डागडुजी करावी लागेल. गळती बोटभर मसाल्यानं बंद झाली असती, काका."

माती उतरवणारे सगळे घाम पुसत तिथंच उभे होते. पिराजी वर न बघता म्हणाला, "वैनी, चांगल्यासाठीच केलं. माती चढवली म्हणजे घर टिकतं, बाप सांगायचा."

रुक्मिणबाईनं नातीला सुनेच्या हाती दिलं आन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या बापानंबी चांगल्यासाठीच चढवली होती, भाऊजी. आई त्याच मातीखाली निजली हाय. तुमचा हात चांगला हाय, पण त्याला थांबायचं ठावं न्हाई. आजपासून शिडी माझ्या खाटंखाली ऱ्हाईल. आन डागडुजी झाली की पावसाळाभर तुम्ही ह्याच घरात, सान्याखाली अंथरूण टाकायचं. वर किती माती हाय ते मंग तुम्हीच रोज निजून बघताल."